पर्दा कोणाच्या ऐबावर?

ईदच्या दिवशी आमच्या घरी एक रिवाज होता. नमाजहून परतलेल्या वडीलधाऱ्यांपुढे मुलांनी रांगेनं जायचं, सलाम करायचा, मिठी मारायची आणि ईदी घ्यायची. त्या वर्षी माझी नऊ वर्षांची भाची एका नातेवाइकापुढे आली आणि थबकली. तो घरातला लाडका माणूस, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावून जाणारा. "जा ना, लाजतेस काय?" म्हणत मीच तिला मागून पुढं ढकललं. सगळे हसले. दहा रुपयांची कोरी नोट मुठीत धरून ती मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

रात्री तिनं आपल्या आईला सगळं सांगितलं. आईनं नानीला, म्हणजे माझ्या अम्मीला सांगितलं. अम्मीनं दार लावून घेतलं. "ही गोष्ट या खोलीबाहेर गेली तर पोरीचं लग्न कसं होणार? दुसऱ्याचा ऐब झाकावा, अल्लाह आपला झाकतो," एवढंच ती बोलली. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. तो रडला, अम्मीचे हात धरले, तौबा केली. पोरीला त्याला सलाम करायला लावलं. विषय संपला. काही महिन्यांनी तो पुन्हा दस्तरख्वानावर आमच्यात बसू लागला.

मी त्या खोलीत होते. शाळेत शिक्षिका होते, दुसऱ्यांच्या मुलांना खरं बोलायला शिकवत होते. तिथं मात्र मी गप्प बसले.

आज त्या भाचीला स्वतःची मुलगी आहे. ती लेकीला आमच्याकडे रात्री ठेवत नाही. मी एकदा रागावून कारण विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "खाला, तुम्ही सगळ्यांनी त्याला माफ केलं. मला कुणी विचारलं होतं का?"

तेव्हापासून हा प्रश्न मला सोडत नाही.

दुसऱ्याचा ऐब झाकणं ही आपल्याकडे मोठी नेकी मानली जाते आणि ती आहेच. पण कोणता ऐब? एखाद्याची नमाज चुकली, कुणाचा पाय घसरला आणि तो पस्तावला, तर तो त्याचा आणि त्याच्या रबचा मामला. त्याची चव्हाट्यावर चर्चा करू नये. मुलावर झालेला अत्याचार हा ऐब नाही, तो जुल्म आहे. जुल्मावर पर्दा टाकला की जालिमाला आडोसा मिळतो आणि मजलूम अंधारात राहतो. जालिम भावालाही मदत करा अशी शिकवण हदीसमध्ये आहे. ती मदत कशी, तर त्याचा हात धरून. आम्ही हात धरला नाही, हातावर रुमाल झाकला.

दुसरी गोष्ट माफीची. हुकूक-उल्-इबाद, म्हणजे बंद्यांचे एकमेकांवरचे हक्क, यांविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्याचा हक्क मारला, त्यानं माफ केल्याशिवाय तो गुन्हा नुसत्या तौबेनं धुतला जात नाही. मग नऊ वर्षांच्या मुलीच्या वतीनं तिच्या नानीनं माफी कशी दिली? आपलं काय हिरावलं गेलं हेच ज्या लेकराला अजून उमगलेलं नाही, ते माफ करील तरी कशाला? आम्ही जी दिली ती माफी नव्हती. ती आमची सोय होती.

कुणी म्हणतं, चार साक्षीदार कुठं आहेत? ती अट आली पाकदामन स्त्रियांवर तोहमत घेणाऱ्यांची तोंडं बंद करायला. दुबळ्याच्या रक्षणासाठी दिलेली ढाल लेकरावरच रोखायची, हा कुठला न्याय? उलट सूरह निसामध्ये हुकूम आहे की साक्ष आईबापाविरुद्ध, नातलगांविरुद्ध, स्वतःविरुद्ध जात असली तरी इन्साफावर ठाम राहा.

आणखी एक भीती आहे. ती उघड बोलली जात नाही, पण खरी आहे. बाहेर आपल्या समाजाबद्दल आधीच काय कमी बोललं जातं? त्यात हे कशाला? पण 2007 साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून जो अहवाल काढला, त्यात निम्म्याहून अधिक, 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचं लैंगिक शोषण सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्तच होते. त्रास देणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, विश्वासातले. हे दुखणं कुठल्या एका मोहल्ल्याचं नाही. पण आपल्या मोहल्ल्यातलं लेकरू वाचवणं हे आपलंच काम आहे.

ते घरातूनच सुरू होतं. सूरह नूरमध्ये दिवसाच्या तीन वेळा सांगितल्या आहेत, फज्रपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या आणि इशानंतर. त्या वेळी लहान मुलांनीही परवानगी घेऊन खोलीत यावं. दहा वर्षांच्या मुलांची अंथरुणं वेगळी करा, असं हदीस सांगते. आपण हे अदब म्हणून शिकवलं. त्यात शरीराची हद्दही आहे, हे शिकवलं नाही. हद्द मुलाचीही असते. त्याला मिठी मारायची नसेल तर सलाम पुरे. ईदी त्यावर अडू नये. शरीराच्या अवयवांची नावं साधेपणानं सांगावीत. ज्याला नावच नाही त्याची तक्रार मूल कशी करणार? अम्मीपासून लपवायला सांगणारा मोठा माणूस चुकीचा, मग तो कुणीही असो, हे मुलांच्या मनावर ठसवावं. उस्ताद असोत की ट्यूशनचे सर, शिकवणी उघड्या दाराच्या खोलीत व्हावी. भल्या माणसाला त्याचा राग येणार नाही. लग्नघरात पोरं कुठं, कुणाशेजारी झोपलीत, हे एका जाणत्या बाईनं पाहावं. आणि मुलग्यांनाही हेच सगळं लागू आहे.

मूल बोललं, तर उलटतपासणी करू नये. "मला खरं वाटतं, तुझी चूक नाही," एवढं आधी म्हणावं. मग त्या माणसाला घरापासून तोडावं. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं 18 वर्षांखालच्या मुलामुलींना संरक्षण दिलं आहे आणि असा गुन्हा कळल्यावर खबर देणं सर्वांवर बंधनकारक केलं आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, घेणारा अधिकारी वर्दीत नसावा, शक्यतो महिला अधिकारी असावी, आणि मुलाचं नाव गुप्त राहावं, अशी त्यात तरतूद आहे. 1098 या क्रमांकावर मदत मागता येते. हा रस्ता सोपा आहे असं मी म्हणणार नाही. पण आम्ही निवडलेला सोपा रस्ता भाचीला किती महाग पडला, ते मी पाहिलं आहे.

अम्मी आता नाही. ती वाईट नव्हती. तिला जी इज्जत शिकवली होती ती तिनं राखली. तिच्यासाठी मी मगफिरतची दुआ मागते. भाचीची माफी मात्र दुआतून मिळणार नव्हती. ती मी तिच्या दारात जाऊन मागितली. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चहा केला.

गेल्या ईदला ती लेकीला घेऊन आली. पोरगी माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली आणि सलाम केला. कुणीतरी म्हणालं, "जा, मिठी मार."

मी म्हटलं, "राहू दे." आणि ईदी पुढं केली.