तिचे हात बघ

आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताच्या आत होतात, त्यामुळे संध्याकाळ भली लांब मिळते. गेल्या पावसाळ्यात लेक माहेरी आली होती. त्या लांब संध्याकाळी आम्ही दोघींनी जपानी मालिका बघितल्या. भाषेचा गंध नाही, खालच्या इंग्रजी ओळी वाचायच्या. पण एका प्रसंगाला वाचायची गरजच पडत नसे.

नायिका रागावून निघालेली असते. नायक मागून येतो, मनगट धरतो, खसकन ओढून छातीशी आवळतो. संगीत सुरू होतं. आणि ती? डोळे विस्फारलेले, पाठ ताठ, दोन्ही हात काठीसारखे खाली. मी म्हटलं, "किती गोड लाजते गं!"

लेक म्हणाली, "आई, तिचे हात बघ. ही मिठी नाही, पकड आहे."

मग मी हातच बघायला लागले.

जपानात भेटल्यावर वाकून नमस्कार करतात. मिठी मारायची रीत नाही. म्हणूनच पडद्यावर ती मोठी घटना ठरते. तिथे 'काबेदोन' असाही एक प्रकार आहे. काबे म्हणजे भिंत, दोन म्हणजे हात आपटल्याचा आवाज. नायक मुलीला भिंतीशी गाठतो आणि तिच्या डोक्याशेजारी धाडकन हात टेकवतो. २०१४ साली तिथल्या वर्षभरात गाजलेल्या दहा शब्दांत हा शब्द निवडला गेला. रस्त्यात कुणी असं केलं तर आपण आरडाओरड करू. देखण्या नायकाने केलं की उशी कवटाळून बघत बसतो.

कुणी म्हणेल, प्रेमात अवघडलेपण असायचंच. दर वेळी काय अर्ज करायचा? याचं उत्तर मला जपानी मालिकेतच मिळालं. २०१६ सालच्या 'निगेरु वा हाजी दा गा याकु नि तात्सु' या मालिकेत मिकुरी पगार घेऊन हिरामासाचं घर सांभाळते. लग्न केवळ करारापुरतं. तो कमालीचा बुजरा. मिठीचा विषय तीच काढते आणि दोघं वार ठरवतात, मंगळवार! ती मिठी इतकी अवघडलेली की हसू येतं. पण तिथे तिचेही हात उचललेले असतात. अवघडणं हा दोष नव्हेच. दोष आहे तो न विचारण्यात.

आपल्याकडे म्हणतात, मौन म्हणजे संमती. जपानने २०२३ मध्ये लैंगिक गुन्ह्यांचा कायदा बदलला. भीतीने किंवा धक्क्याने थिजून जाणं, नकार ठरवायलाही वेळ न मिळणं, याला संमती समजू नये, असं त्यात आलं. त्या लोंबत्या हातांचं म्हणणं कायद्याने ऐकलं म्हणायचं.

मी कधी ऐकलं होतं?

लेक पाच-सहा वर्षांची असताना एका कार्यात एका वडीलधाऱ्या नातेवाइकाने तिला उचलून घट्ट धरलं होतं. ती अशीच ताठ झाली, हात खाली. मी चारचौघांत हसून म्हटलं, "लाजते हो जरा." मला वाटलं, पोर विसरली असेल. "आई, तिचे हात बघ," असं ती म्हणाली तेव्हा कळलं, काहीच विसरली नव्हती.

कृत, कारित, अनुमोदित हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतः केलं नाही, दुसऱ्याकडून करवलं नाही, तरी वाहवा केली की वाटा आपलाही. पाणी गाळून पिणारी मी, दिव्यावरच्या किड्याला जपणारी मी. माझ्या हसण्याचा हिशेब मात्र कधी केला नव्हता. मालिकेतली मिठी खोटी, नटनटीचं ते काम. पण त्या मिठीवरचं माझं "किती गोड" खरंच होतं ना? आणि ते ऐकायला शेजारी माझी मुलगी बसली होती.

परवा धाकट्या जाऊबाईंची नात आली. नेहमीसारखी उचलायला गेले आणि थांबले. विचारलं, "येतेस माझ्याकडे?"

"नको," म्हणाली. जाऊबाई रागावल्या, "असं म्हणू नये आजीला!" मी म्हटलं, "म्हणू दे."

शेवटपर्यंत ती काही जवळ आली नाही. जाताना मात्र रिक्षातून मान बाहेर काढून हात हलवत राहिली, पार वळणापर्यंत.