पुढाऱ्याला कोण बदलतं?

अंबाजोगाईतल्या एका उद्योजक मेळाव्यात पाहुण्या वक्त्यांनी ठासून सांगितलं, की नवं उत्पादन मालकाच्या दूरदृष्टीतून जन्मतं, कामगारांनी ती दृष्टी फक्त अंगीकारायची. याला त्यांनी 'परिवर्तनकारी नेतृत्व' म्हटलं. समोर पेरणीयंत्रं आणि कोळपी बनवणारे वर्कशॉपवाले बसले होते. दोन फणांतलं अंतर शेतकऱ्यानं चारदा तक्रार केल्यावरच जमतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. तरीही टाळ्या पडल्या, आणि मला राग आला.

नेतृत्वाचा हा वाद जुना आहे. व्यवस्थापनतज्ज्ञ टेलर यांनी 1911 मध्ये आखणी करणारं डोकं एकीकडे आणि राबणारे हात दुसरीकडे अशी वाटणी केली. 1939 मध्ये मानसशास्त्रज्ञ लेविन आणि सहकाऱ्यांनी हुकमी आणि लोकशाही नेतृत्वाची तुलना केली. इथवर कुणाचं दुमत नाही.

घोटाळा झाला तो 1978 नंतर. त्या वर्षी 'परिवर्तन घडवणारं नेतृत्व' ही कल्पना मांडणारे बर्न्स राजकारणाचे अभ्यासक होते. गांधीजी हे त्यांचं मोठं उदाहरण. नेता आणि अनुयायी एकमेकांना वर उचलतात, म्हणजे नेताही बदलतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा. 1985 मध्ये मानसशास्त्रज्ञ बास यांनी ती कल्पना संस्था आणि कंपन्यांत आणली, तिच्यासाठी प्रश्नावली तयार केली. मोजायचं काय, तर नेत्याचा लोकांवर होणारा परिणाम. पाठ्यपुस्तकं याला बर्न्स यांचा विस्तार म्हणतात. माझ्या मते इथे निम्मा विचार गळाला, आणि नव्या उत्पादनाला नेमका तोच निम्मा लागतो. चालू माल हुकमावर निघेलही. नव्या मालाचं ज्ञान मात्र ओतारीकडे, फिटरकडे आणि वापरणाऱ्याकडे विखुरलेलं असतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचीच गोष्ट घ्या. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, या समजुतीपायी त्यांचे नांगर दोन वर्षं पडून राहिले. आपण ही कथा द्रष्टा कारखानदार आणि अडाणी शेतकरी अशी सांगतो. पण ज्याचं वर्षभराचं पोट एका हंगामावर आहे, त्यानं अनोळखी अवजाराला भ्यावं यात अडाणीपणा कसला? आणि त्यांच्या कारखान्यात काय काय तयार झालं ते पाहा: कडबा कापायचं यंत्र, नांगर, उसाचा चरक, शेंगा फोडायचं यंत्र, पंप. ही यादी मला शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कामांवरून उतरलेली दिसते. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली ती या गिऱ्हाइकाच्या भरवशावर. लक्ष्मणरावांचं मोठेपण मला त्यांच्या ऐकण्यात दिसतं.

मेळावा संपल्यावर एक वर्कशॉपवाले मला त्यांच्या शेडमध्ये घेऊन गेले. भिंतीला एक जुनं कोळपं टेकवलेलं होतं. गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्यानं त्याचं पातं स्वतः ठोकून थोडं तिरकं केलं होतं, सोयाबीनची मुळं दुखावू नयेत म्हणून. "आधी मी त्याच्यावर चिडलो होतो," ते म्हणाले. मागे नव्या कोळप्यांची रांग होती. सगळी पाती तिरकी.