तारखेची पोच

मदत घेणाऱ्याला अटी घालाव्यात काय, हा प्रश्न बहुधा मदत देणारेच विचारतात. कापसाची वेचणी संपली, तूर सोंगून झाली, की चांदूर रेल्वे तालुक्यातील कोरडवाहू शिवारात मजुराच्या हाताला फारसे काम उरत नाही. अशा वेळी सरकारने काही द्यावे म्हटले, की आपल्यापैकी कोणीतरी म्हणतोच, ‘‘फुकट मिळू लागले, तर काम कोण करील?’’ संत पौलाचाही आधार घेतला जातो. परंतु पौलाचा रोष काम करण्याची इच्छा नसलेल्यावर आहे. काम न मिळालेल्यावर नाही.

महाराष्ट्राने हा भेद कायद्यात उतरविला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. आपल्या घरांतील शिक्षक आणि परिचारिका त्या करामुळे या मजुराशी एका हिशेबाने बांधल्या गेल्या.

पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबातील प्रौढांना अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क दिला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्मा बेरोजगार भत्ता राज्याने द्यावयाचा होता. अर्जदारावरही बंधने होती. देऊ केलेले काम नाकारले, बोलावूनही पंधरा दिवसांत हजर झाला नाही, किंवा परवानगीवाचून आठवड्याहून अधिक गैरहजर राहिला, तर तीन महिने भत्त्याचा हक्क जाई. काम मागण्याचा हक्क मात्र कायम राही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला. नैतिक प्रश्न मात्र तोच आहे.

या अटी आम्हाला अन्यायाच्या वाटत नाहीत. वऱ्हाडच्या एप्रिलमधील उन्हात जो कुदळ चालवायला तयार आहे, त्याने आपण आळशी नसल्याचा आणखी कोणता पुरावा द्यावा? अडचण दुसऱ्या बाजूची आहे. पंधरा दिवस मोजावयाचे ते अर्जाच्या तारखेपासून, आणि ती तारीख सिद्ध होते पोचपावतीने. पोच देणार शासनयंत्रणा, आणि भत्त्याचा भारही राज्यावरच. ‘‘पुढच्या आठवड्यात या,’’ असे तोंडी सांगितले की मागणी कागदावर येत नाही. आणि कागदावर नसलेल्या मागणीचे देणेही उरत नाही. मजुराची गैरहजेरी हजेरीपटावर लागते. शासनाची कोणत्या पटावर लावावयाची?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात बेरोजगारांच्या निर्वाहाची तरतूद हे कर्तव्य मानले आणि त्याचे मूळ जगण्याच्या हक्कात दाखविले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मालकही दिवस मावळताना उभ्या असलेल्या मजुरांना रिकामे का, असे विचारतो. पण कोणी कामावर लावले नाही, हे त्यांचे उत्तर तो खोटे ठरवीत नाही.

आपल्या धर्मग्रामात लिहितावाचता येणारे पुष्कळ आहेत. शेजाऱ्याचा अर्ज लिहून देणे, त्याची दुसरी प्रत काढणे आणि तिच्यावर तारीख व सही मिळेपर्यंत त्याच्यासोबत ग्रामपंचायतीत थांबणे, यास एक सकाळ पुरते. घेणाऱ्याने अटी पाळाव्यात, असे म्हणण्याचा अधिकार तेवढ्याने आपल्याला येईल.