सीलरखालची ओल

जमिनीवरच बसा. जिथे पांढुरका पट्टा उठलाय त्याच्या शेजारी, मांडी घालून. घाईचं काही नाही.

पाऊस संपून गेलाय. तळमजल्याच्या कोब्याला हौसेने तपकिरी ॲसिड स्टेन दिला होता, वर चकचकीत ॲक्रिलिक सीलर. आता ती झिलई मधल्या भागात दुधाळ झाली आहे, खिडकीखाली बारीक फोड आहेत, दाराशी पापुद्रे सुटतायत. मनात एकच विचार घोळतोय, वरून आणखी एक हात मारून टाकावा. येऊ दे तो विचार. लगेच उठू मात्र नका.

तळवा टेकवा आणि तसाच राहू द्या. खालचा कोबा कोरडा दिसतो, टणक लागतो, पण तो भरीव नाही. त्याच्यात केसाहून बारीक वाटा आहेत. जोत्यातल्या भरावाची ओल त्या वाटांनी सावकाश वर येते आणि एरवी हवेत निघून जाते. आपण तिच्या वाटेवर पडदा ओढला. आता ती पडद्याच्या पोटाशी येऊन थांबते, त्याची पकड सोडवते, आणि सुटलेल्या जागी उजेड विखुरला की आपल्याला पांढरं दिसतं. कधी ओलीबरोबर सिमेंटमधला चुनाही विरघळून वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी भुकटी होते. भिंतीला लागतो तोच हा लोणा. दोन्हींचं मूळ पाण्यात आहे. दुसरा हात मारला तर ते मूळ आणखी कोंडलं जाईल.

आता रंगाकडे बघा, कारण जीव तिथेच अडकलाय. ॲसिड स्टेन हा लेप नसतो. त्यातले धातूंचे क्षार सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी रासायनिक क्रिया करतात आणि रंग कोब्याच्या अंगातच तयार होतो. वरचं सीलर काढलं तरी तो जात नाही. ही खात्री मनात नीट बसू द्या. पुढचं काम मग धास्तीने होत नाही.

दाराशी सुटलेला एक पापुद्रा नखाने उचला. उलटा करा. उजेडाकडे धरा.

पाठ तपकिरी भुकटीने माखलेली असेल, तर स्टेननंतरची धुलाई अपुरी राहिली आहे. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून, घासून, पुसल्यावर फडक्याला रंग लागेनासा होईपर्यंत धुवावं लागतं. तसं झालं नाही की सीलर कोब्याला न धरता त्या भुकटीला धरतं. पाठ स्वच्छ असेल तर ओलीचा किंवा फार गुळगुळीत घोटाईचा संशय घ्या. खिडकीखालच्या फोडांची गोष्ट वेगळी. थर जाड बसला किंवा कोबा उन्हाने तापलेला होता. वरची साय आधी वाळली आणि आतला द्रावक अडकला.

पापुद्रा निघालेल्या उघड्या जागी दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा. किमान 16 तास, म्हणजे एक रात्र धरून, त्याला हात लावू नका. काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा कोबा गडद झालेला दिसला, तर ओल अजून चालू आहे.

तसं असेल तर लक्ष बाहेर न्या. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी पडतं का, बागेची माती कोब्याच्या पातळीपर्यंत चढली आहे का, न्हाणीची नळी गळते का. हे थांबल्याशिवाय कोणतंही सीलर टिकणार नाही, कितीही महाग असो. माझं स्पष्ट मत आहे की सतत ओल धरणाऱ्या तळमजल्यावर पडदा धरणारं सीलर लावूच नये. आत मुरणारं, वाफ बाहेर जाऊ देणारं घ्यावं. जुन्या घरांतले लाल कोबे असा पडदा न ओढताच झिजत झिजत देखणे झाले आहेत.

प्लास्टिक कोरडं निघालं, तर एका कोपऱ्यात झायलीनचं फडकं घासा. सीलर चिकट झालं तर ते ॲक्रिलिक आहे. नुसता दुधाळपणा आणि हलके फोड असतील, तर रोलरने झायलीनचा पातळ हात फिरवला की थर पुन्हा विरघळतो, कोंडलेलं बाहेर जातं आणि तो नव्याने बसतो. इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनला हा उपाय नाही. पापुद्रे सुटलेली जागा मात्र खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवूनच पुन्हा धरावी, आणि दोन पातळ थर द्यावेत. झायलीन पेट घेतं. दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, देवघरातलं निरांजनही शांत करा. कापडी मास्क इथे कामाचा नाही, द्रावकाच्या वाफा अडवणारा कार्ट्रिजचा मास्क घ्या.

आज एवढंच करा: प्लास्टिक चिकटवा, आणि ते काढून बघेपर्यंत सीलरचा डबा उघडू नका.