नवस कुणाचा, पावलं कुणाची

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि पुस्तकांना कव्हरं घालून होतात न होतात तोच पालक दारात उभे राहतात. "गुरुजी, पोराला वारीला नेतोय, हजेरीचं तेवढं बघा." मी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. घर वारकऱ्याचं, गळ्यात माळ. मी नाही म्हणणार नाही, हे धरूनच ते आलेले असतात.

मी एकच विचारतो, पोरानं म्हटलंय का? पाचवीतली एक मुलगी स्वतःहून विचारायला आली होती. हरिपाठ तोंडपाठ, बापाबरोबर माउलींच्या दिंडीत चालायची ओढ. तिला मी आनंदानं पाठवलं. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि एवढा अफाट समाज गप्प होतो. एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तर तिथले टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो, हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो, मग आरती. गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय आरती नाही, हे तिनं डोळ्यांनी पाहावं असं मला मनापासून वाटलं.

पण बहुतेकदा नवस आजीनं बोललेला असतो आणि पावलं नातवाची झिजतात. हे माझ्या लेखी धर्मात बसत नाही. एकाची भक्ती दुसऱ्याच्या खात्यातून फेडता येत नाही. नवसाच्या देवघेवीवर तुकोबांनी कोरडे ओढले आहेत. पुंडलिकानं आईबापाची सेवा न सोडता देवाला विटेवर थांबवलं. सावतोबा अरणचा मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत, असं परंपरा सांगते. हातातलं काम हीच पूजा असेल, तर सात वर्षांच्या पोराचं काम अक्षर गिरवणं आहे.

आणि वारीचे दिवस ते किती! खरी शाळा तुटते दिवाळीनंतर. मुकादमाची उचल घेतलेली असते, आईबाप कोयता घेऊन उसाच्या फडावर निघतात, पोर ट्रॅक्टरमध्ये बसतं ते थेट उन्हाळ्यात परततं. तेव्हा हजेरीचं बघा म्हणायला कुणी येत नाही. बाकं नुसती रिकामी होतात.

म्हणून नवसाच्या आजीला मी सांगतो, "आजी, पंढरीला तुम्ही जा. पोरासाठी काही करायचंच असेल, तर दिवाळीनंतर त्याला तुमच्याजवळ ठेवून घ्या."