विण्याचा पहारा

सज्जनहो, हल्ली संस्थाचालक, मुख्याध्यापक, कचेरीतले साहेब, इतकेच काय पण दिंडी चालवणारेही एकच तक्रार करतात: काम होते, पण त्यात जीव राहिलेला नाही. याला आता ‘बर्नआउट’ म्हणतात आणि उपाय म्हणून स्वभावाचे प्रकार ओळखण्याच्या चाचण्या घेतात. त्या घ्याव्यात. पण मूळ प्रश्न धर्माचा आहे. ज्याने दहाजणांचा भार उचलला, त्याने विसावा घेणे ही सेवेतली कसूर आहे काय?

आपला सप्ताह पाहा. सात दिवस, अहोरात्र विणा उभा असतो. तो खाली ठेवत नाहीत. म्हणून एकच माणूस सात दिवस उभा राहतो काय? पहारे ठरलेले असतात. पहारा संपला की विणेकरी पुढच्याच्या गळ्यात विणा घालतो आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. देणारा लहान होत नाही, घेणारा मोठा होत नाही. अखंड राहायचे असते ते भजन. थकलेला पुढारी मात्र स्वतःलाच अखंड समजत असतो.

आता पहारा कोणाला कोणता द्यावा? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की ज्ञानी पुरुषही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो. तिथे नुसत्या दडपणाचा उपयोग नाही. ज्याला पहाटे आपोआप जाग येते, त्याला काकड्याची वेळ द्यावी. रात्री ज्याचे मन स्थिर होते, त्याला जागराची. हिशेबात रमणाऱ्याने शिधा सांभाळावा, गोड बोलणाऱ्याने रुसलेल्यांची समजूत काढावी. पण ‘माझा स्वभावच असा’ म्हणून कोणी अंग काढू नये. चौदाव्या अध्यायात सांगितले आहे की तिन्ही गुण एकमेकांना दाबून वर येत असतात. म्हणजे आज आळसावलेला उद्या उत्साही होऊ शकतो. कायमचा शिक्का कोणावर नाही.

वेळेचेही तसेच. माउलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम करते, मग दिवे घाट चढून सासवडला जाते आणि तिथेही दोन मुक्काम करते. मोठ्या चालीआधी विसावा आहे, नंतरही आहे. पाय सुजल्यावर कोणी मागून घेतलेला तो विसावा नव्हे. तो वाटचालीतच धरलेला आहे. शेतकरीसुद्धा वाफसा आल्याशिवाय पेरणीला हात घालत नाही. सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप आणि जागणे या सर्वांना माप सांगितले आहे, ते याचसाठी.

मग हे सारे ठाऊक असून माणूस विणा का सोडत नाही? कारण देताना आत काहीतरी दुखते. पुढचा वेगळ्या चालीत म्हणेल, कदाचित आपल्यापेक्षा गोड म्हणेल, आणि आपल्यावाचून काही अडणार नाही, ही भीती असते. तिलाच आपण सेवेचा भार म्हणतो. या भाराखाली थकलेला माणूस मग पंगतीत वाढणाऱ्या पोरावर खेकसतो, म्हाताऱ्या वारकऱ्याला टाकून बोलतो. त्याच्या थकव्याची किंमत खालचे लोक मोजतात, म्हणून विसावा टाळणे हा नुसता त्याच्या एकट्याच्या प्रकृतीचा प्रश्न राहत नाही.

अठराव्या अध्यायातला सात्त्विक कर्ता पाहा. तो ‘मी केले’ म्हणत नाही, आणि त्याच्याच अंगी धैर्य व उत्साह दोन्ही असतात. फळासाठी धडपडणारा राजस कर्ता हर्षशोकात हेलकावे खात राहतो. ‘मी’ जितका जड, तितका उत्साह लवकर सरतो.

कोणी म्हणेल, आमच्या गावात दुसरा हातच नाही. खरे आहे, लहान गावांत असे असते. तिथे नेम लहान करावा. थकून ओढलेल्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा मनापासून म्हटलेला हरिपाठ बरा. आणि तो म्हणताना शेजारी एखादे पोर टाळ देऊन उभे करावे. ते आज ताल चुकेल. चुकू द्यावे. काही वर्षांनी विणा घ्यायला तेच पुढे येईल.

रामकृष्ण हरी.