पहिली तबकडी कोणती?

गुणांची प्रतवारी लावण्याची हौस माणसाला केव्हा जडली ते सांगता येणार नाही; परंतु सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला ती जितकी जडते तितकी इतरांस क्वचितच जडत असेल. आम्हां परप्रांती मराठी अधिकाऱ्यांचे अर्धे आयुष्य सेवाज्येष्ठतेच्या यादीत आपले नाव कितवे आहे हे पाहण्यात जाते आणि उरलेले अर्धे त्या यादीवर हरकती नोंदविण्यात. तेव्हा मुनिरक्यातील आमच्या मित्रमंडळात, विसाव्या शतकाच्या सातव्या दशकातील, म्हणजे १९६० ते १९६९ ह्या काळातील, पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिकांत पहिली कोणती हा वाद निघाला आणि चांगला रंगला, ह्यात नवल नाही. वाद क्षुल्लक खरा. पण त्याच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो क्षुल्लक नाही : एका कलाकृतीला दुसरीच्या वर बसविण्याचा अधिकार कोणाला, आणि तो बजावताना त्याने कोणते ऋण पाळले पाहिजे?

विषय मराठी मासिकाला परका आहे, असे कोणी म्हणेल. तसा तो दिल्लीला तरी परका नाही. १९६६ च्या जुलैत मनिलाहून परतताना बीटल्स मंडळी दिल्लीत उतरली होती, आणि त्यांपैकी जॉर्ज हॅरिसन ह्यांनी कनॉट प्लेसमधील रिखी राम ह्यांच्या दुकानातून सतार घेतली होती. मुनिरका तेव्हा निखळ जाटांचे गाव होते. दिल्ली विकास प्राधिकरणाची घरे मागाहून आली. शेजारचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठही १९६९ चे. आज त्या विद्यापीठातील मुले आमच्या इमारतींच्या आसपास खोल्या भाड्याने घेऊन राहतात आणि आजोबांच्या पिढीच्या ह्या तबकड्या नव्याने ऐकतात. वादाला तोंड त्यांच्यातल्याच एकाने फोडले. तो यादी घेऊन आला होता.

ह्या याद्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ ह्या नियतकालिकाने २००३ साली संगीतकार, समीक्षक व ह्या धंद्यातील जाणकार ह्यांची मते मागवून पाचशे सर्वश्रेष्ठ तबकड्यांची क्रमवारी प्रसिद्ध केली. तीत बीटल्सची १९६७ ची ‘सार्जंट पेपर’ पहिली, बीच बॉईजची १९६६ ची ‘पेट साउंड्स’ दुसरी, पुन्हा बीटल्सची ‘रिव्हॉल्व्हर’ तिसरी. २०२० साली मतदार बदलून नवी यादी झाली. पहिल्या स्थानी मार्व्हिन गे ह्यांची १९७१ ची तबकडी आली, ‘पेट साउंड्स’ दुसऱ्या स्थानी टिकली, ‘रिव्हॉल्व्हर’ अकरावी झाली आणि ‘सार्जंट पेपर’ चोविसावी. तिच्या लगेच वर, तेविसाव्या जागी, ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ बसली. ही तबकडीही १९६७ चीच. पण त्या काळी अमेरिकेच्या विक्रीच्या तक्त्यात ती १७१ च्या वर कधी चढली नव्हती. कनिष्ठ लिपिकाने सचिवाला मागे टाकावे, तसा हा प्रकार.

ह्या सतरा वर्षांत ‘सार्जंट पेपर’मधला एक स्वरही बदललेला नाही. बदलले ते ऐकणारे. मग तो पहिला क्रमांक कशाचे माप होता? सेवाज्येष्ठतेची यादी निदान लेखी नियमांवर उभी असते. तिच्यात खोटेपणा नसतो. कलाकृतींची यादी मात्र मते मोजते आणि गुण मोजल्याचा आव आणते.

ह्यावर आमच्यातील एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी सोपा तोडगा सुचविला : सगळ्याच आपापल्या जागी श्रेष्ठ, ज्याला जी रुचेल ती त्याची पहिली. हा तोडगा ऐकायला उदार वाटतो, आणि म्हणूनच तो आम्हांस अधिक धोक्याचा वाटतो. ‘सगळेच उत्तम’ हा शेरा गोपनीय अहवालात लिहिणारा वरिष्ठ कोणाचेच काम वाचीत नसतो, हे आपण सर्व जाणतो. ज्याने मन लावून काम केले त्याचा ह्या सरसकट स्तुतीने जितका अपमान होतो तितका कठोर टीकेनेही होत नाही. तुलना टाळणे म्हणजे न्याय नव्हे. न्यायाधीशाने निकालच न देता उठून जावे, तसे ते आहे.

म्हणून आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. ‘रिव्हॉल्व्हर’ आम्हांस ‘सार्जंट पेपर’हून सरस वाटते. ‘सार्जंट पेपर’ला एका काल्पनिक वाद्यवृंदाच्या जलशाची चौकट आहे, पण पहिल्या दोन गीतांनंतर ती चौकट बाजूला पडते आणि शेवटाकडे एकदा आठवण करून दिल्यासारखी परत येते. मधल्या काही गीतांत पोशाख अंगापेक्षा मोठा झाला आहे. ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये प्रत्येक गीत आपल्या मापाचे घर शोधते. ‘एलिनॉर रिग्बी’मध्ये गिटार नाही, ढोल नाही, गजाने वाजणारी आठ तंतुवाद्ये आणि एकाकी माणसांची कथा. त्याच तबकडीचे शेवटचे गीत जवळजवळ एकाच आधारस्वरावर उभे आहे. तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला त्याची ओळख पटायला वेळ लागत नाही. इतके असूनही ‘सार्जंट पेपर’च्या अखेरच्या गीताच्या तोडीचे ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये काही नाही. त्याच्या शेवटी पियानोचा जो घोष उमटतो तो चाळीस सेकंदांहून अधिक काळ विरत राहतो, आणि विरता विरता मागचे सारे गीत पुन्हा ऐकायला लावतो. दोन तबकड्या अशा शेजारी ठेवल्या म्हणजे दोन्ही उजळतात. पण हे सारे काढून टाकून ‘तिसरी’ आणि ‘पहिली’ एवढेच लिहिले तर हाती काय उरते?

दुसरी अडचण ऋणाची आहे. बीटल्सची ‘रबर सोल’ १९६५ च्या डिसेंबरात आली. ती ऐकून बीच बॉईजचे ब्रायन विल्सन इतके भारावले की तिच्या तोडीचे काही करावे म्हणून त्यांनी ‘पेट साउंड्स’ रचली. ती ऐकून पॉल मॅकार्टनी ह्यांना ‘सार्जंट पेपर’ची स्फूर्ती मिळाली, असे त्यांनी स्वतःच अनेकवार सांगितले आहे. ह्यांत वर कोण? शिष्य गुरूहून मोठा होतो तेव्हा गुरू लहान होतो काय? आणखी गंमत अशी की विल्सन ह्यांनी ऐकलेली ‘रबर सोल’ ही ब्रिटनमध्ये निघालेली ‘रबर सोल’ नव्हेच. अमेरिकेतील कंपनीने चौदा गीतांतली चार गाळली, जुन्या तबकडीतली दोन घातली आणि बारांची वेगळीच तबकडी त्याच नावाने विकली. यादी करणाऱ्याने ह्यांतल्या कोणत्या ‘रबर सोल’ला क्रमांक द्यावा?

प्रतवारी हुकमाने लावता येते, असेही काहींस वाटते. ह्याचे ठळक उदाहरण दिल्लीतल्या एका मराठी माणसाचेच आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ ह्या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. अभिजात संगीताची त्यांची कळकळ खरी होती. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलन ह्यांच्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. पण शास्त्रीय संगीत वर आणि चित्रपटगीत खाली, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. श्रोत्यांनी निमूटपणे रेडिओचा काटा सिलोनकडे वळविला. तेथे १९५२ च्या अखेरीस अमीन सयानी ह्यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पायदानांची प्रतवारी साऱ्या देशाला लागली. सरकारला १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली. वरून लावलेल्या एका क्रमाने खालून दुसरा क्रम जन्माला घातला, आणि दोहोंत कोणत्याही एका गाण्याची नीट विचारपूस झाली नाही.

विचारपूस हाच ह्यातला कळीचा शब्द आहे, असे आम्हांस वाटते. आपल्या कचेरीच्या कायद्यात एक तत्त्व आहे : ज्याच्याविरुद्ध निर्णय व्हायचा त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून तो होऊ नये. त्याला आपण सुनावणी म्हणतो. संगीताच्या बाबतीत हा शब्द किती अक्षरशः खरा आहे! पाचशे तबकड्यांना क्रमांक देणाऱ्या सभेत किती तबकड्यांची सुनावणी झालेली असते?

सुनावणी कशी असते ते आम्ही मुनिरक्यातच पाहिले. आमचे एक शेजारी निवृत्तीनंतर सांगलीस परतायला निघाले. चार बदल्यांतून सांभाळलेल्या दीडशेच्या आसपास तबकड्या त्यांच्यापाशी होत्या. दिल्लीच्या उन्हाळ्यात त्या वाकू नयेत म्हणून स्वतः उकाड्यात झोपून त्यांनी त्यांना थंड खोलीत ठेवले होते. सांगलीच्या घरात जागा तिसांची. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी बदलीचा हुकूम हाती घेऊन खोकी भरली आहेत त्यांस हा प्रसंग समजावून सांगायला नको. ह्या गृहस्थांनी यादी केली नाही. सोडावयाची प्रत्येक तबकडी त्यांनी एकेका संध्याकाळी दोन्ही बाजूंनी पुरती ऐकली आणि मगच बाजूला ठेवली. ह्या कामाला त्यांना चार महिने लागले. ‘सार्जंट पेपर’ त्यांनी विद्यापीठातल्या एका मुलाला दिली. अमीर खाँसाहेबांची एका बाजूस मारवा व दुसऱ्या बाजूस दरबारी असलेली तबकडी आणि १९६७ चीच ‘कॉल ऑफ द व्हॅली’ सांगलीला गेली. ‘सार्जंट पेपर’ ह्यांहून कमी प्रतीची म्हणून दिली काय, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “छे, छे! ती ऐकायला आता कोणीतरी तरुण हवा होता.” ह्या मापाने कोणतीही क्रमवारी लागत नाही; पण त्या निवडीला किंमत मोजावी लागली होती, आणि सोडलेली प्रत्येक गोष्ट काय होती हे सोडणाऱ्याला ठाऊक होते. नियतकालिकातली यादी करणाऱ्याच्या खिशाला कसलीच तोशीस पडत नाही.

सुनावणीत सर्व पक्षकार हजर लागतात, हाही नियम आहे. ‘पेट साउंड्स’ बीच बॉईजची खरी, पण तिच्यातले वादन बव्हंशी लॉस एंजेलिसमधल्या रोजंदारीवरच्या वादकांनी केले. हॅल ब्लेन ह्यांचा ढोल आणि कॅरॉल के ह्यांचे वादन वगळले तर ती तबकडी उभीच राहणार नाही. ‘सार्जंट पेपर’ची दुसरी बाजू ज्या गीताने सुरू होते त्यात हॅरिसन सोडून बाकीच्या तिघा बीटल्सपैकी कोणीही वाजवीत नाही. त्यात दिलरुबा आहे, तंबोरा आहे, तबला आहे. ते वाजविणारे लंडनमध्ये राहणारे भारतीय होते. अयाना अंगडी व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया ह्यांनी १९४६ साली तेथे काढलेल्या एशियन म्युझिक सर्कलच्या परिघातले. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर दिलरुब्यावर, बुद्धदेव कंसारा तंबोऱ्यावर, नटवर सोनी तबल्यावर. त्यांतले पहिले नाव आमच्या कानाला अगदी घरचे वाटते. १९६७ च्या वेष्टनावर ह्यांपैकी एकही नाव छापलेले नव्हते. ती सर्वांसमोर यायला अर्धे शतक लागले.

‘रिव्हॉल्व्हर’मधील हॅरिसन ह्यांच्या अशाच एका गीतात तबला वाजविणाऱ्या अनिल भागवत ह्यांचे नाव मात्र १९६६ च्या त्या वेष्टनावर पहिल्या दिवसापासून छापलेले आहे. यादी घेऊन आलेल्या मुलाला आम्ही हे दाखविले, तेव्हा त्याने ‘रिव्हॉल्व्हर’चा क्रमांक बदलला नाही, त्याने यादीच्या समासात ती पाच नावे लिहून घेतली.